घरातील डायलिसिस : याप्य व्याधीचा टेकू आणि वैद्याचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात याप्य व्याधीचे लक्षण सांगताना एक साधा पण अत्यंत समर्पक दृष्टान्त दिला आहे. पडू पाहणाऱ्या घराला योग्य ठिकाणी खांब लावला म्हणजे ते घर जसे उभे राहते, तसा चिकित्सेच्या आधाराने याप्य रोगाचा रोगी जगतो. आणि चिकित्सा थांबली की तो लगेच कोसळतो. मराठवाड्यात माळवदाच्या घरात वाढलेल्या कोणालाही हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. वाकलेल्या तुळईखाली लावलेला टेकू आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्या टेकूने तुळई नवी होत नाही, हे खरे. परंतु तो काढला तर छप्पर खाली येते, हेही तितकेच खरे आहे.

दोन्ही वृक्क निकामी झालेला आणि डायलिसिसवर जगणारा रुग्ण हे आजच्या काळातील याप्यत्वाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. नांदेड व लातूर जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात असा रुग्ण कधी ना कधी येतो. तो येतो तेव्हा त्याच्या हातावर सुयांच्या खुणा असतात, चेहऱ्यावर थकवा असतो आणि मनात एकच प्रश्न असतो : "डॉक्टरसाहेब, आपल्या आयुर्वेदात काही औषध आहे का, की हे डायलिसिस सुटेल?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर पुष्कळदा त्याचे आयुष्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढ्यासाठीच आहे.

आठवड्याचे १६८ तास

निरोगी वृक्क आठवड्याचे १६८ तास अखंड कार्य करतात. रुग्णालयात जाऊन रक्तशुद्धी करून घेणाऱ्या रुग्णाचे डायलिसिस साधारणतः आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास चालते. तीन वेळा धरले तरी एकूण बारा तास होतात. उरलेले १५६ तास तो घरीच असतो. या काळात प्यायलेले पाणी, खाल्लेले मीठ, शरीरात साठलेले पोटॅशियम व मल यांचा हिशेब पुढच्या वेळी यंत्राला चार तासांत चुकता करावा लागतो.

किनवटचा रुग्ण नांदेडला येतो तेव्हा एका बाजूचा प्रवासच शंभर किलोमीटरहून अधिक होतो. पहाटेची एस. टी., डायलिसिसनंतरची ग्लानी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि परतल्यावर एक दिवस विश्रांती. पुन्हा तिसऱ्या दिवशी तोच क्रम. शासनाने या बाबतीत काही वाट मोकळी केली, हे नमूद केले पाहिजे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते; पुढे २०१३ मध्ये ती लातूरसह संपूर्ण राज्यात लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. २०१६ साली केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला. त्यामुळे उपचाराचा खर्च अनेकांच्या आवाक्यात आला; परंतु प्रवासाचे अंतर मात्र कमी झाले नाही. म्हणूनच डायलिसिस घरी करता येईल का, हा प्रश्न पुढे येतो.

घरी आलेले यंत्र

घरी रक्तशुद्धी ही कल्पना नवी नाही. नेदरलँड्समधील डॉ. कॉल्फ यांनी १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, सॉसेजसाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून कृत्रिम वृक्क तयार केला. १९६० साली सिएटल येथे डॉ. स्क्रिब्नर यांनी वारंवार डायलिसिस करता येईल अशी रक्तवाहिनीची जोडणी शोधली आणि त्यानंतर काही वर्षांतच अमेरिका व इंग्लंडमधील रुग्ण घरी डायलिसिस करू लागले.

आपल्या देशातील सर्वपरिचित उदाहरण लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे आहे. जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. चंडीगढ येथे स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले व तेथे डायलिसिस सुरू झाले. त्यांच्यासाठी स्वतंत्र यंत्र घेण्याकरिता लोकांनी वर्गणी गोळा केली. पंतप्रधानांच्या साहाय्यता निधीतून देऊ केलेली रक्कम त्यांनी स्वीकारली नाही. पुढे पाटण्याच्या कदमकुआँ भागातील राहत्या घरी त्यांचे डायलिसिस होत असे. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे ते या टेकूवर जगले, आणि याच काळात १९७७ ची निवडणूक व देशातील सत्तांतर घडले. याप्य रुग्णाचे जीवन निरर्थक मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

परंतु जयप्रकाशजींच्या पाठीशी तज्ज्ञ व प्रशिक्षित माणसे होती. सामान्य कुटुंबाने हे यंत्र घरी आणायचे म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो तो पाण्याचा. डायलिसिसचे द्रावण मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर या वेगाने वाहते. चार तासांत ते १२० लिटर होते. हे पाणी आर. ओ. यंत्रातून शुद्ध करताना वाया जाणारे पाणी वेगळेच. आणि हे पाणी पिण्यायोग्य असून भागत नाही. आपण पितो ते पाणी आतड्यातून गाळून रक्तात जाते. येथे मात्र पाणी आणि रक्त यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. पाण्यातील क्लोरीन रक्तकण फोडते, ॲल्युमिनियम हाडांत व मेंदूत साठते.

या संदर्भात ब्राझीलमधील कारुआरू गावची घटना प्रत्येक दुष्काळी भागाने लक्षात ठेवावी अशी आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये तेथील एका डायलिसिस केंद्रास टँकरने जलाशयाचे पाणी पुरविले गेले. त्या पाण्यात शेवाळसदृश सूक्ष्मजीवांनी तयार केलेले विष होते आणि केंद्रातील गाळण व्यवस्था ते अडवू शकली नाही. यकृत निकामी होऊन पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी आले, म्हणून शहराने सुटकेचा निःश्वास सोडला होता. ज्या शहरात उन्हाळ्यात नळाला आठवडाभर पाणी येत नाही, तेथे दर दिवसाआड सव्वाशे लिटर अतिशुद्ध पाणी घरी तयार करणे ही किती कठीण गोष्ट आहे, याची कल्पना लातूरकरांना वेगळी द्यावी लागणार नाही.

पाण्याच्या जोडीला वीज आली. डायलिसिस चालू असताना वीज गेली तर यंत्राच्या नळ्यांत रुग्णाचे रक्त असते. ते हाताने पंप फिरवून शरीरात परत करावे लागते. हे रुग्णाच्या पत्नीला किंवा मुलाला न घाबरता करता आले पाहिजे. मशीन, पाणी शुद्ध करणारी व्यवस्था, अखंड वीज, सुई टोचण्याचे प्रशिक्षण आणि अडचणीच्या वेळी फोनवर उपलब्ध असणारा तंत्रज्ञ, या पाचही गोष्टी जुळून आल्या तरच घरी रक्तशुद्धी शक्य होते. आपल्या भागात ती विरळा दिसते, याचे कारण या पाच अटींतच आहे.

पोटातील डायलिसिस

घरी करता येण्याजोगा दुसरा मार्ग उदरावरणाचा आहे. १९७६ साली पॉपोविच व मॉनक्रिफ यांनी मांडलेल्या या पद्धतीत पोटात बसविलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रावण आत सोडले जाते, ते काही तास ठेवून बाहेर काढले जाते व नवे भरले जाते. दिवसातून बहुधा चार वेळा. यास यंत्र लागत नाही, नळाचे पाणी वा वीज लागत नाही. दुष्काळी व दूरच्या गावासाठी ही पद्धत म्हणूनच विचार करण्यासारखी आहे. २०१९ साली राष्ट्रीय कार्यक्रमातही तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या.

तिच्या अडचणी मात्र घराच्या आतल्या आहेत. दिवसाला आठ लिटर म्हणजे महिन्याला २४० लिटर द्रावणाच्या पिशव्या गावापर्यंत पोहोचल्या पाहिजेत आणि उन्हापासून दूर, उंदीर लागणार नाहीत अशा जागी ठेवल्या पाहिजेत. दोन खोल्यांच्या घरात त्यांतली एक खोली खोक्यांनीच भरते. पिशवी बदलताना दार बंद, पंखा बंद, हात साबणाने स्वच्छ धुतलेले व कोरडे, तोंडावर मास्क, आणि त्या वेळी लहान मूल किंवा मांजर खोलीत नको. यात एकदा जरी हयगय झाली तरी उदरावरणाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाहेर आलेले द्रावण गढूळ दिसले, पोट दुखू लागले वा ताप आला, तर त्याच दिवशी ती पिशवी सोबत घेऊन रुग्णालयात गेले पाहिजे. विहिरीत पोहणे, पर्वणीला गोदावरीत बुडी मारणे या रुग्णाला वर्ज्य आहे. पर्वकाळी घाटावर जाणे, हातपाय धुणे, दर्शन घेणे एवढ्यावर त्याने समाधान मानावे, हे आपण सांगितले तर तो ऐकतो. कारण धर्म आणि पथ्य या दोन्ही गोष्टी वैद्याच्या तोंडून ऐकण्याची आपल्या लोकांना सवय आहे.

तहान, मीठ आणि मोसंबी

डायलिसिसवरील रुग्णाचे सर्वांत मोठे दुःख कोणते, असे विचारले तर बहुतेक जण सुयांचे नाव घेत नाहीत, तहानेचे घेतात. रुग्णालयात डायलिसिस करणाऱ्या रुग्णाला सामान्यतः आदल्या दिवशी झालेल्या मूत्राच्या प्रमाणाइतके अधिक सुमारे अर्धा लिटर एवढाच द्रव घेता येतो. चहा, ताक, आमटी, कलिंगड हे सारे त्यातच मोजायचे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना हा नियम पाळणे ही तपश्चर्याच आहे. एका वृद्ध मातेने मला विचारले होते, "लेकरू पाणी मागतंय, आई असून नाही कसं म्हणू?" तिला उत्तर देणे सोपे नव्हते.

येथे आपले शास्त्र खरोखर उपयोगी पडते. गंडूष व कवल यांत द्रव गिळायचा नसतो, तोंडात धरून थुंकायचा असतो. थंड पाण्याचा गंडूष दिवसातून अनेकदा केला तर मुखशोष कमी होतो आणि द्रवाचा हिशेब बिघडत नाही. तहान मिठामुळे वाढते. म्हणून लोणचे, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे बंद केल्याशिवाय पाणी कमी होत नाही. सैंधव चालेल का, असे अनेक जण विचारतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे त्याची मोकळीक नाही. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ तर अधिक घातक, कारण त्यात पोटॅशियम असते.

पोटॅशियम हा या रुग्णाचा अदृश्य शत्रू होय. ते रक्तात वाढले की हृदयाची गती बिघडते व कोणतीही पूर्वसूचना न देता हृदय थांबू शकते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा पाहुणा मोसंबी किंवा शहाळे घेऊन येतो. ती मायाच असते. पण या रुग्णासाठी ती विषासमान ठरू शकते. कमरख हे फळ तर पूर्णतः वर्ज्य. त्यातील द्रव्य वृक्क नसलेल्या शरीरात मेंदूवर आघात करते. एकादशीचा फराळ म्हणून साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट, बटाटे, केळी व राजगिरा एकाच दिवशी पोटात गेले, तर द्वादशीला रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. त्याने पोटॅशियम बरेच कमी होते.

एक गोष्ट मात्र उलट आहे. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने कमी करण्यास सांगितलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, आणि पोटातील डायलिसिसमध्ये तर ती द्रावणासोबत वाहूनही जातात. जुनेच पथ्य पुढे चालू ठेवल्याने रुग्ण हाडकुळा होतो व जंतुसंसर्गाला बळी पडतो. पथ्य बदलले आहे, हे घरातील माणसांना स्पष्ट सांगावे. पथ्याचा अंतिम निर्णय त्याच्या रक्ततपासणीवर व वृक्कतज्ज्ञाच्या सल्ल्यावर ठेवावा.

एक चूक

येथे स्वतःची एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात डायलिसिसवरील एका तरुण शेतकऱ्याला मी शोथावर पुनर्नवा व गोक्षुर यांचा काढा सकाळ-संध्याकाळ दिला होता. ग्रंथाच्या दृष्टीने योजना चुकीची नव्हती. परंतु या वनस्पतींत पोटॅशियमचे क्षार मुबलक असतात, आणि त्या रुग्णाला ते बाहेर टाकण्याचा मार्गच नव्हता, याचा मी विचार केला नाही. शिवाय काढा म्हणजे रोजचा अधिक द्रव. बरे वाटते आहे असे समजून त्याने एक डायलिसिस चुकविले. चौथ्या दिवशी रात्री त्याला धाप लागली, पाय उचलवेनात. त्याच्या थोरल्या भावाने जीप करून शहर गाठले. तातडीच्या डायलिसिसने तो वाचला. पुढे तो मला भेटला तेव्हा एका शब्दानेही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला आजही आठवते.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो व आपल्या सर्वांना त्यांची विनंती करतो. डायलिसिसवरील रुग्णाला काढे, यवक्षारासारखे क्षार आणि धातुयुक्त रसौषधी देऊ नयेत. जो मार्ग त्यांचे उत्सर्जन करतो तोच बंद आहे. वमन, विरेचन व शोधन बस्ती यांनी द्रव व क्षारांचा तोल क्षणात ढळतो, म्हणून ते टाळावेत. ईश्वरी व कीटमारी या कुळातील वनस्पतींनी निरोगी वृक्कही निकामी होतात, हे १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधांतील त्याच कुळाच्या वनस्पतीमुळे सिद्ध झाले आहे. ही कुळेच आपल्या कपाटातून दूर ठेवावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "डायलिसिस बंद करा, मी बघतो," हे वाक्य कोणत्याही वैद्याने उच्चारू नये.

मग वैद्याने करावयाचे काय?

करण्यासारखे पुष्कळ आहे. या रुग्णांना रात्रभर अंगाला कंड सुटतो. त्वचेला साध्या खोबरेल तेलाचा हलका अभ्यंग आराम देतो. पायांची तडफड व निद्रानाश यांवर पादाभ्यंग गुणकारी आहे. ज्या हातावर रक्तवाहिन्यांची जोडणी म्हणजे फिस्चुला केलेली असते त्या हाताला मात्र मर्दन, रक्तदाबाचा पट्टा, सुई, जळू, घट्ट बांगडी वा डोक्याखालची उशी यांपैकी काहीही नको. रोज सकाळी त्या जागी बोटे ठेवून थरथर जाणवते का, हे पाहण्यास रुग्णाला शिकवावे. ती थांबली असेल तर वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहिण्याची सवय लावावी. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेले वजन म्हणजे साठलेले पाणीच होय. हिवताप असो की साधी सांधेदुखी, वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत, हे वारंवार बजावावे. प्रत्यारोपण शक्य आहे का, याची चौकशी वृक्कतज्ज्ञाकडे करण्यास सुचवावे. योजनेच्या अटी व कागदपत्रे यांसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पाठवावे. अर्धे रुग्ण कागदाच्या भीतीनेच मागे फिरतात.

उपस्थात्याची आठवण

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याचे गुण म्हणून परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रोग्यावरील प्रेम आणि शुचिता हे चार त्यांनी सांगितले आहेत. घरातील डायलिसिसला लागणारे सारे यात आले. पिशवी बदलण्याचे ज्ञान, वजनाच्या वहीची दक्षता, मध्यरात्री उठण्याएवढे प्रेम आणि हात धुण्याची शुचिता! हा उपस्थाता आपल्या घरांत बहुधा पत्नी असते, कधी आई, कधी सून. शेतातील काम, मुलांची शाळा आणि वेगळा स्वयंपाक सांभाळून ती हे करते. रुग्णाची नाडी पाहताना तिच्याकडेही एकदा पाहावे. तिची झोप होते का, तिने जेवण केले का, तिला कोणी आठवड्यातून एक दिवस मोकळीक देतो का, हे विचारावे. दीर किंवा थोरला मुलगा पुढे येऊन पिशवी बदलण्यास शिकला, तर ती या कामात टिकून राहते. ती खचली तर घरातील डायलिसिस फार काळ चालत नाही.

वैद्यबंधूंनो व भगिनींनो, साध्य व्याधीत यश मिळवणे हे आपले भूषण आहेच. परंतु याप्य रुग्णाला त्याच्या टेकूसह सन्मानाने जगण्यास साहाय्य करणे हे वैद्यत्वाच्या कसोटीचे काम आहे. त्या रुग्णाने पुन्हा तो प्रश्न विचारला, तर उत्तर असे द्यावे : "डायलिसिस सुटणार नाही, पण त्याच्यासह बरे जगता येईल, आणि त्यासाठी मी तुमच्यासोबत आहे." हे उत्तर ऐकून तो कदाचित खिन्न होईल. पण पुढच्या वारी तो वेळेवर एस. टी. पकडेल, आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचे.